संशोधक होण्याआधी एकदा सहभागी व्हा : मेंदूचं स्कॅनिंग आणि 'माझं' शरीर

डोळे मिटा आणि उजव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावा. जमलं ना? हात दिसत नव्हता, तरी तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत होतं. हे 'माहीत असणं' मेंदू सतत तयार करत असतो. त्यासाठी तो त्वचेकडून, स्नायू-सांध्यांकडून आणि डोळ्यांकडून येणारी माहिती एकत्र जुळवतो. या जुळवणीचा अभ्यास म्हणजे शरीरबोधाचं संशोधन. त्यासाठी निरोगी स्वयंसेवक लागतात, आणि माझं म्हणणं असं की संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी असा स्वयंसेवक व्हावं.

आधी प्रयोग समजून घेऊ. 1998 मध्ये बॉटविनिक आणि कोहेन यांनी 'रबरी हाताचा भ्रम' मांडला. सहभागी व्यक्तीचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबरी हात ठेवायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळाने अनेकांना तो स्पर्श रबरी हातावरच होतोय असं वाटू लागतं. दोन ब्रश मागेपुढे फिरवले, तर भ्रम बराच कमी होतो. 2004 मध्ये एर्सन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग स्कॅनरमध्ये केला. त्यांच्या सहभागींना सरासरी सुमारे 11 सेकंदांत भ्रम जाणवू लागला, आणि तो जाणवत असताना मेंदूच्या पुढच्या भागातल्या प्रीमोटर कॉर्टेक्समध्ये हालचाल वाढलेली दिसली.

'हालचाल दिसली' म्हणजे नक्की काय? फंक्शनल एमआरआय विचार वाचत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त जातं आणि त्यामुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो. हा बदल साधारण एखाद-दोन टक्क्यांचा असतो आणि कळसाला पोचायला पाच-सहा सेकंद घेतो. म्हणून तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि म्हणूनच डोकं हलवायचं नसतं. दोन-तीन मिलिमीटर हललं तरी तेवढी मोजमापं वाया जाऊ शकतात. पाऊण-एक तास स्थिर पडून राहणं किती अवघड असतं, हे आत पडल्याशिवाय कळत नाही. उद्या तुम्ही दीड तासाचा प्रयोग आखायला बसलात, तर हा अनुभव तुमचा हात धरेल.

आता सुरक्षेचं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. धोका असतो तो चुंबकाचा. 3 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या पन्नास हजार पटींहून जास्त असतं, आणि स्कॅन चालू नसतानाही चुंबक चालूच असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. तो रुग्ण नव्हता, रुग्णाबरोबर आलेला होता. म्हणून आधी जी प्रश्नावली भरून घेतात, तिच्याकडे 'फॉर्मॅलिटी' म्हणून बघू नका.

बऱ्याचदा ही प्रश्नावली इंग्रजी नमुन्यावरून घेतलेली असते. 'दागिने आहेत का?' असं विचारलं, तर रिसोड तालुक्यातल्या रिठदहून आलेली एखादी काकू गळ्यातल्याकडे बघेल आणि 'काढलं' म्हणेल. जोडवी, नाकातली चमकी, दंडातला ताईत, करदोट्याला ओवलेली किल्ली, पदराची सेफ्टी पिन, केसातल्या पिना तिला त्या शब्दात दिसणारच नाहीत. यातली प्रत्येक गोष्ट नाव घेऊन विचारा. गोंदण आहे का, तांबी बसवलीये का, हाडात रॉड किंवा प्लेट आहे का, हेही विचारा. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम केलेल्याला 'डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का' हे विचारायलाच हवं. असा कण चुंबकाने सरकला तर डोळ्याला इजा होऊ शकते. यातलं काही असलं की प्रत्येक वेळी नकारच मिळतो असं नाही, पण निर्णय माहिती घेऊन व्हायला हवा.

रिठदच्या काकूला बोलवायचंच कशाला, जवळचे कॉलेजचे विद्यार्थी आहेत की! नेमकी इथेच गोम आहे. 2010 मध्ये हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष श्रीमंत, शिकलेल्या पाश्चात्त्य समाजातल्या लोकांवरून काढलेले आहेत. शरीरबोधात हा मुद्दा जास्तच टोचतो. 1996 मध्ये जपानमध्ये इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्यासारख्या अवजाराने खाऊ ओढायला शिकवलं. त्यानंतर हाताभोवतीच्या जागेला प्रतिसाद देणाऱ्या काही चेतापेशी अवजाराच्या टोकापर्यंतच्या जागेलाही प्रतिसाद देऊ लागल्या. मग चाळीस वर्षं खुरपं चालवलेल्या हाताचा मेंदूतला नकाशा कसा असेल? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो फक्त वसतिगृहातल्या मुलांवरून सुटणार नाही.

पण बोलवायचं तर नीट बोलवा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती सहभागीला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते, कधीही माघार घेता येते आणि प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून देता येते. सोयाबीनच्या सोंगणीत एक दिवस म्हणजे खरी मजुरी. मात्र रक्कम एवढीही नको की पैशांपायी 'नाही' म्हणणंच अवघड व्हावं. 'मध्येच भीती वाटली तर?' याचं उत्तर आधी द्या : हातात रबरी फुगा असतो, तो दाबला की तुम्हाला बाहेर काढतात. आणि हेही स्पष्ट सांगा की हा तपासणीचा एमआरआय नाही. 'सगळं ठीक आहे' असा दाखला यातून मिळत नाही. स्कॅनमध्ये काही वेगळं दिसलं तर कोण, कसं कळवणार, हे संमतीपत्रात लिहिलेलं असावं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. स्कॅन झाल्यावर विचारतात, 'रबरी हात स्वतःचा वाटला का?' आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायचं नसतं. सर एवढं विचारतायत, तर 'हो हो, वाटला की' असं पटकन निघून जातं. 2020 मध्ये लश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या भ्रमाची तीव्रता आणि त्या व्यक्तीची सूचनेनुसार अनुभव घडवण्याची क्षमता यांचा संबंध आहे. म्हणजे न सांगता पोचलेली अपेक्षासुद्धा निकालात मिसळू शकते. म्हणून सहभागी असाल तेव्हा 'मला काहीच वाटलं नाही' हे बेधडक सांगा. असे प्रयोग आधी वाचले असतील, अगदी हा लेखसुद्धा, तर तेही सांगा. आणि संशोधक व्हाल तेव्हा प्रश्न असा विचारा की 'नाही' म्हणताना कुणाला संकोच वाटू नये.

संस्थेच्या सूचनाफलकावर 'स्वयंसेवक हवेत' अशी चिठ्ठी दिसली, की आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का ते विचारा, संमतीपत्र घरी नेऊन वाचा, शंका लिहून काढा. मग जा. त्या तासाभरात सुचलेले प्रश्न पुढे तुमच्या स्वतःच्या प्रयोगाला कामी येतील.