काळी चारचा तानपुरा

सकाळी ७.३०
मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शटर वर जातं. तानपुरे घडवणारे चाचा आधी पिंपात हात घालतात. रात्रभर भिजलेला भोपळा बाहेर काढतात, अंगठ्याने कडा दाबून बघतात. साल मऊ पडली आहे. कापलेल्या तोंडात आतून काठ्यांचे टेकू देऊन ते हळूहळू फाकवायचं. घाई केली की तडा जातो, आणि तडा गेलेल्या भोपळ्याचं काहीच होत नाही. हा भाजीचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा. पंढरपूरच्या बाजूने येतो. "हा नऊशेला घेतलाय," चाचा म्हणतात. वरच्या फळीवर असे पंचवीस-तीस टांगलेले. हंगामात माल घ्यायचा, पैसे मात्र वाद्य विकल्यावरच सुटणार.

सकाळी ९.००
दोन कारागीर येतात. एक गळ्याच्या जोडावर पानं कोरायला बसतो. मांडी घालून, वाद्य पायाच्या अंगठ्याने अडवून. पटाशी बोटभर रुंदीची, मूठ घामाने काळी झालेली. लाकूड तुणीचं. हलकं, तांबूस, हत्याराला नरम. एका पानाला पाऊण तास. रोज सातशे रुपये. त्याचा धाकटा भाऊ एमआयडीसीत जातो, तिथे पीएफ कापतात.

या गल्लीचं मूळ शस्त्रांत आहे. धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. पुढे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. गाण्याइतकाच त्यांचा हात वाद्यदुरुस्तीतही चालायचा. १९३७ साली ते गेले, कबर इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे.

सकाळी ११.४५
गिऱ्हाईक येतं. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या बाई, गाण्याच्या शिक्षिका. परळी, लातूर, पंढरपूर करत रात्रभराचा रेल्वेप्रवास. सोबत भाचा. तो पुण्यात शिकतो, बास गिटार वाजवतो.

"चाचा, तानपुरा करून घ्यायचाय. माझ्या स्वराचा."

"बसा ताई. आधी चहा." दहा रुपयांचे तीन कप येतात.

चाचा दर सांगत नाहीत, लाकूड दाखवत नाहीत. म्हणतात, "सा लावा." बाई संकोचतात, मग लावतात. चाचा पेटीवर एक पट्टी दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. काळी चार.

बाईंकडे आजवर पुरुषी मापाचा जुना तानपुरा होता. तो काळी एकचा. वर ओढून लावला की जोडीच्या तारा तुटायच्या, कधी मधेच, विद्यार्थिनींसमोर. चाचा मान हलवतात. "तारेचा दोष नाही. लांबी जास्त आहे तिची." दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर, तारेची जाडी, तिन्ही मापं त्या एका 'सा'वरून ठरतात. ते डायरीत लिहितात. नाव नंतर, स्वर आधी.

दुपारी १२.३०
आता भाचा मोबाइल पुढे करतो. परदेशात हाताने घडवलेली बास गिटार. पुढच्या बाजूला मेपलचं लाकूड, त्यात वाघाच्या अंगासारखे पट्टे. "आत्या, असं काहीतरी करून घेऊ. लाल रंग नको, लाकूड दिसू दे."

चाचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघतात. मग विचारतात, "ह्याची दांडी कशी आहे?"

भाचा बघतो. दांडी सरळ रेषेची, साधी.

"बघा की. नागमोडी रेषेचं लाकूड दिसायला छान. दांडीला लावलं तर चार पावसाळ्यांत पीळ मारतं. तबलीलाही, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या फळीलाही, रेषा सरळच हवी, आवाज तिथनं चालतो." गिटारवाला आणि चाचा एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. दोघांनीही दांडीसाठी सरळच लाकूड निवडलंय. मला ही अख्ख्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली.

तोडगा निघतो. तुणीच्या फळ्यांतून चाचा एक काढतात, ओल्या फडक्याने पुसतात. मधासारखा रंग वर येतो. दांडीवर रंग चढवायचा नाही, नुसता चपड्याचा हात. नक्षी फक्त कडेला, सेल्युलॉइडच्या पांढऱ्या पट्टीची. पूर्वी तिथे हस्तिदंत असायचा, आता बंदी आहे.

दुपारी १.१५
हिशोब. साधा तानपुरा बावीस हजार. जास्तीची नक्षी आणि पॉलिश धरून अठ्ठावीस. फायबरची पेटी सहा हजार वेगळी. बाई पेटी नको म्हणतात, "गोधडीत गुंडाळून नेईन." चाचा एवढ्याला हो म्हणत नाहीत. रेल्वेत एक धक्का, भोपळा गेला. शेवटी पेटी पाच हजारांत. विसार दहा हजार, बाईंनी रुमालातून मोजून दिलेला.

दुपारी ३.००
नक्षीवाला पट्टी चिकटवतो. टोकदार कोरणीने वेल आखतो, रेघांत काळी लाख भरतो, वरची कानशीने घासून काढतो. रेघ राहते. पलीकडे पॉलिश. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला, कापडाचा बोळा, हात गोल गोल. एक थर वाळेपर्यंत दुसऱ्या वाद्याकडे. पावसाळी हवेत थर पांढरा पडतो, त्या दिवशी हे काम बंद, रोज मात्र द्यावाच लागतो.

संध्याकाळी ५.००
जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवणं. हे काम चाचा कुणाला देत नाहीत.

समोर दुसऱ्या कुणाचा तरी तयार तानपुरा. शिसवी घोडी. तिचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरली पाहिजे. चाचा तार बाजूला सारतात, कानशीचे तीन हलके हात मारतात, फुंकर घालतात, तार परत बसवतात, छेडतात. आवाज बंद. पुन्हा काढतात. तार जर्मनीची, रोस्लाऊची. खर्जाची तेवढी पितळी. जरा जास्त घासलं तर घोडी वाया, नवी करावी लागते. पाऊण तासाने सुती दोरा तारेखाली सरकवतात, केसभर पुढे, केसभर मागे. आणि तार खुलते. एका तारेतून गंधारसुद्धा ऐकू येतो. भाचा तोंड उघडं ठेवून ऐकत राहतो.

एका तारेला तास गेला. अजून तीन आहेत. बिलात जवारीची वेगळी ओळ नसते.

संध्याकाळी ७.१५
२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पानं कोरणाऱ्याचा रोज आजही सातशेच आहे. तो सातशे खिशात घालून सायकल काढतो. चाचा वाळत ठेवलेल्या भोपळ्याचे टेकू एकदा तपासतात.

बाई निघताना विचारतात, "कुरिअरने पाठवाल का?"

"नाही ताई. दिवाळीनंतर तुम्हीच या. जवारी तुमच्या समोर, तुमच्या आवाजावर काढणार."

उरलेले तेवीस हजार तेव्हाच द्यायचे आहेत.