तांब्यावरील दोन नावे : एका गृहवस्तूचे सांस्कृतिक वाचन

संस्कृतीच्या अभ्यासकाने ग्रंथ, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी ह्यांचे वाचन करावे, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. ताम्रपटावरील चार ओळी लावण्यासाठी विद्वानांनी वर्षानुवर्षे परिश्रम केले आहेत. परंतु स्वयंपाकघरातील फळीवर पालथ्या घातलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवरही काही अक्षरे असतात. ती लावून पाहावीत असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. जी वस्तू रोज हाताळली जाते तिच्याविषयी काही जाणून घ्यावयाचे उरले आहे, हेच आपणास पटत नाही. शिवाय एखादी वस्तू आपल्याला प्रिय असली, की तिच्याविषयीची आपली भावना हाच तिचा अर्थ होय असे आपण मानून चालतो. व्यक्तीला जिव्हाळ्याची असलेली वस्तू समाजाच्या दृष्टीने काय सांगते, आणि हे सांगणे पद्धतशीरपणे कसे वाचावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या घरातील एका पितळी तांब्याचे आहे.

१. वर्णन

अमेरिकन कलेतिहासकार ज्यूल्स प्राउन ह्यांनी १९८२ साली वस्तूंच्या अभ्यासाची एक पद्धती मांडली. तिच्या तीन पायऱ्या आहेत : प्रथम वर्णन, नंतर वस्तूच्या प्रत्यक्ष हाताळणीतून निघणारे निष्कर्ष, आणि सर्वांत शेवटी तर्क. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रिय वस्तूच्या बाबतीत आपण पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून एकदम तिसरीवर जाऊन बसतो, व जे वस्तूत नाही ते तिच्यावर लादतो.

म्हणून प्रथम वर्णन. तांब्याची उंची सुमारे १४ सेंटिमीटर, पोटाचा व्यास सुमारे १३ सेंटिमीटर. काठोकाठ भरल्यास त्यात साधारण एक लिटर पाणी राहते. बूड किंचित चपटे, पोट गोल, गळा आखूड व आवळलेला, काठ बाहेर वळलेला. आतल्या बाजूस जुन्या कल्हईचे करडे अवशेष आहेत. पोटाला एके ठिकाणी पोचा आला आहे. गळ्याखाली, टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यांनी घातलेले एक नाव आहे. ते एका स्त्रीचे व तिच्या वडिलांचे असून त्यामागे ‘सौ.’ नाही. पोटावर, अधिक मोठ्या व खोल ठिपक्यांनी घातलेले दुसरे नाव आहे, त्यास ‘सौ.’ आहे, पतीचे नाव व आडनाव आहे, आणि खाली ‘शके १८६८’ असा काल दिलेला आहे. शकात ७८ मिळवले असता इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या काही महिन्यांपुरते ७९ मिळवावे लागतात. अर्थात हे दुसरे नाव १९४६-४७ मधील होय.

वर्णन करतानाच शब्दाचाही विचार केला पाहिजे. तांब्या हा शब्द तांबे ह्या धातुनामावरून आला. पण पितळेचा तांब्या, चांदीचा तांब्या, आणि अलीकडे स्टीलचा तांब्या, हे प्रयोग कोणालाही विसंगत वाटत नाहीत. धातू बदलत गेला तरी आकार आणि नाव टिकले.

२. आकार व हात

प्रख्यात अभिकल्पकार चार्ल्स व रे ईम्स हे दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्याच अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये ईम्स दांपत्याने साध्या लोट्यास सर्वश्रेष्ठ स्थान दिले, आणि असे भांडे नव्याने घडवावयाचे झाल्यास कोणकोणते प्रश्न सोडवावे लागतील ह्याची एक लांबलचक यादीच दिली : पाणी किती मावावे, ते डोक्यावरून, कमरेवर की हातातून न्यावयाचे, भरलेला व रिकामा असताना तोल कसा राहील, हाताला स्पर्श कसा लागेल, घासावयास सोपे जाईल काय, मूळ किंमत किती, आणि मोडीत किती परत येईल. एवढ्या प्रश्नांची उत्तरे कोणा एका व्यक्तीने दिलेली नाहीत, ती अनेक पिढ्यांनी दिली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्या तांब्यावर ह्याची प्रचीती घेता येते. त्याला कान नाही, मूठ नाही. बोटे गळ्याभोवती आपोआप येतात आणि बाहेर वळलेला काठ त्यांना वरून अडवतो, त्यामुळे ओला हातही घसरत नाही. तोच काठ पाण्याची धार एकवट सोडतो. पोट गोल असल्याने वजन खाली राहते. येथे सौंदर्य म्हणून वेगळे काही चिकटवलेले नाही.

घडणीतही असेच ज्ञान साठलेले आहे. पत्र्यावर हातोडीचे घाव पडू लागले की तांबे व पितळ कठीण होत जाते, आणि तसेच ठोकत राहिल्यास ते चिरते. म्हणून तांबट मधून मधून ते तापवून मऊ करून घेतो. घडण पुरी झाल्यावर शेवटी घातलेले घाव मात्र मुद्दाम तसेच ठेवले जातात. पुण्याच्या तांबट आळीतील ज्या मठारकामाचे आपण नक्षी म्हणून कौतुक करतो, त्याने भांड्यास ताठपणाही येतो. आंबट पदार्थ पितळेत कळकतात, म्हणून आतून कथलाचा पातळ लेप, म्हणजेच कल्हई, द्यावी लागते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १,०८५ अंशांच्या आसपास. हे अंतर आहे म्हणूनच कल्हईवाल्याचा लहानसा भाता व नवसागराची चिमूट एवढ्यावर काम भागते. तांब्याच्या पृष्ठावर अनेक रोगजंतू टिकत नाहीत हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले असून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंद केली. मात्र ह्यावरून आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र अवगत होते असे अनुमान काढणे हे प्राउन ह्यांची तिसरी पायरी पहिल्या दोहोंवाचून चढण्यासारखे आहे.

३. पाणी व शिवाशिव

येथवरचा अर्थ सुखद आहे. पण तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दारी आलेल्यास प्रथम तांब्याभांडे पुढे करणे हे आपल्या आतिथ्याचे पहिले कर्तव्य. परंतु कोणाच्या हातचे पाणी घ्यावे आणि कोणाला ते कोठे उभे करून द्यावे, ह्या प्रश्नांनी आपला समाज शतकानुशतके विभागला गेला होता, आणि त्या विभागणीच्या रेषेवर हेच भांडे उभे होते. ज्या काठामुळे धार एकवट पडते, त्याच काठामुळे भांड्यास ओठ न लावता वरून पाणी पिता येते. आणि त्याच काठामुळे दुसऱ्याच्या ओंजळीत, त्याला स्पर्श न करता, वरून पाणी ओतताही येते. आतिथ्य आणि अव्हेर ह्या दोहोंची सोय एकाच वळणाने केली आहे.

धातूलाही ह्या व्यवस्थेत स्थान होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, कांसे, पितळ आदी धातूंची शुद्धी क्षार, आम्ल व पाणी ह्यांनी करावी असे सांगितले आहे. धातूचे भांडे ‘विटाळले’ तरी शुद्ध करून घेता येई. मातीचे टाकून द्यावे लागे. चिंच व राख ह्यांनी पितळ सोन्यासारखे लखलखीत करणाऱ्या स्त्रियांचे ईम्स अहवालाला कौतुक वाटले ते योग्यच. पण त्या राखेला दुसरा एक अर्थ होता, तो पाहुण्याच्या डोळ्यांना दिसला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, त्या कृतीचे सामर्थ्य समजण्यासाठी वरून ओतणारा तांब्या डोळ्यांपुढे असावा लागतो. आमच्या घरीही एक तांब्या आत असे व दुसरा पडवीत. जो जपून ठेवला गेला तो आतला. पडवीतला आज कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही. वस्तूंच्या जतनातही निवड असते, आणि त्या निवडीचाही अर्थ लावावा लागतो.

४. दोन नावे

आता अक्षरांकडे वळू. भांड्यांवर नावे घालण्याची चाल प्रथम व्यवहारातून आली असावी. लग्नामुंजीत आळीतील भांडी एकत्र होत, व ती ज्याची त्याला परत जाण्यास खूण हवी असे. हळूहळू ह्या खुणेचा लेख बनला : देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, निमित्त, तिथी.

आमच्या तांब्याच्या पोटावरील नाव आजीचे आहे, हे घरातील सर्वांना माहीत होते. गळ्याखालचे नाव मात्र कोणाच्याच ओळखीचे नव्हते. कुठल्याशा कार्यात परक्याचे भांडे आपल्याकडे राहून गेले आणि पुढे त्यावर आपले नाव घातले गेले, अशी घरातील समजूत होती. आणि अडगळ काढताना हा तांब्या मोडीत घालावयाच्या ढिगात गेला तो ह्याच समजुतीमुळे. परक्याची वस्तू जपण्याचे कारण काय?

परंतु दोन्ही लेख शेजारी ठेवून पाहिले असता काही गोष्टी लक्षात येतात. दोन्हींचे ठिपके वेगवेगळ्या छिन्नीचे आहेत, म्हणजे ते एकाच वेळी घातलेले नाहीत. गळ्याखालचे अधिक झिजलेले आहे, पण तेथेच बोटे येत असल्याने केवळ झिजेवरून ते जुने ठरत नाही. तथापि पोट मोकळे असताना एवढ्या अरुंद जागी नाव घालणाऱ्याने पोटाची जागा दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेवली असावी, असा तर्क करण्यास जागा राहते. निर्णायक पुरावा मात्र वस्तूबाहेरून आला. आजीच्या धाकट्या बहिणीला हे नाव वाचून दाखविले तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता सांगितले, की ते तिच्या बहिणीचेच माहेरचे नाव. लग्न ठरण्यापूर्वीच वडिलांनी भांडी घेऊन ठेवली होती आणि सासरचे नाव घालण्यास पोट मोकळे सोडले होते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत विवाहसमयी वधूचे नाव बदलण्याची चाल होती; आडनावच नव्हे, स्वतःचे नावही. ताटात तांदूळ पसरून वर अंगठीने त्यात नवे नाव लिहीत असे. ते तांदळातले नाव त्याच दिवशी मोडे, पण जन्मभर चाले. जुने नाव कोठेच लिहिलेले नसे. ते माहेरच्या माणसांच्या तोंडी राही आणि ती माणसे गेली की नाहीसे होई. आमच्या आजीच्या बाबतीत शाळेचा दाखला नाही, पत्र नाही, छायाचित्रामागची ओळ नाही. तिच्या वयाच्या पहिल्या सोळा वर्षांचा लेखी पुरावा म्हणून पितळेवरील दहाबारा अक्षरे तेवढी आहेत. पन्नास वर्षे ती तो तांब्या रोज घाशीत होती, आणि ती अक्षरे रोज तिच्या बोटांखाली येत होती. ह्यात तिला काय वाटत असेल, हे सांगण्याचा अधिकार आपणास नाही; पुरावा तेथे संपतो.

५. मोड

मानवशास्त्रज्ञ इगोर कोपिटॉफ ह्यांनी १९८६ साली असे प्रतिपादन केले, की माणसाप्रमाणे वस्तूचेही चरित्र लिहिता येते. क्रयवस्तू म्हणून बाजारात असलेली वस्तू कोणाची तरी झाली की अनन्य बनते, आणि प्रसंगी पुन्हा बाजारात येऊन क्रयवस्तू होते. पितळी भांड्याच्या बाबतीत हे चरित्र विलक्षण स्पष्टतेने दिसते. कासाराच्या दुकानी ते वजनावर मिळते. त्यावर नाव पडते तेव्हा त्याचे वजन गौण होते. आणि वारसांना ते नाव लावता येईनासे झाले की ते पुन्हा तराजूत जाते. मोडीची किंमत हा ईम्स ह्यांनी लोट्याचा एक गुण मानला, व उपयोगाच्या दृष्टीने तो गुणच आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तोच घातक ठरतो. मातीचे खापर निरुपयोगी म्हणून जमिनीत पडून राहते आणि उत्खननकाराच्या हाती लागते. पितळ मौल्यवान म्हणून मुशीत जाते. जे भंगाराच्या भावाने विकले जात नाही तेच टिकते, असा हा विपरीत न्याय आहे.

वस्तुसंग्रहालयांनी ह्या बाबतीत मोठे कार्य केले आहे. पुण्यास दिनकर केळकर ह्यांनी जन्मभर खपून गृहवस्तूंचा जो अपूर्व संग्रह केला, तो त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. परंतु कोणतेही संग्रहालय घरोघरचा प्रत्येक तांब्या ठेवू शकत नाही, आणि साध्या घडणीचे, नाव तेवढे असलेले भांडे निवडीत मागे पडणे स्वाभाविक आहे.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की सुटीत घरी गेल्यावर त्यांनी फळीवरची भांडी उतरवून पाहावीत. भांड्याची मापे व वजन टिपावे. अक्षरे कोठे आहेत, ठिपक्यांची आहेत की यंत्राने कोरलेली, हे पाहावे. लेख असेल तसाच, अशुद्धांसह उतरून घ्यावा, ‘सौ.’, ‘चि.’, ‘शके’ अशा संक्षेपांकडे दुर्लक्ष करू नये, कारण अर्थ पुष्कळदा तेथेच असतो. घरातील वृद्धांनी सांगितलेली माहिती भांड्यावरून दिसणाऱ्या माहितीत मिसळू न देता स्वतंत्र लिहावी. आणि तर्क सर्वांत शेवटी करावा.

ह्यातील पहिले काम धातू टिकेल तोवर करता येईल. वृद्धांना विचारण्याचे काम मात्र तेवढा काळ थांबणार नाही. आमच्या तांब्यावरील वरचे नाव कोणाचे, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती हयात होती, आणि तो प्रश्न तिला विचारला गेला तो भांडी मोडीत जाण्याच्या आदल्या दिवशी.