चॅप्टर उघडायला व्हिसा लागत नाही

तुमच्या ओळखीत एक तरी 'अमेरिकेतला दादा' असणारच. मिरजगावच्या स्टँडवर नगरच्या एसटीची वाट बघणाऱ्या पोरांमध्येही कुणाचा तरी मावसभाऊ पुण्यात नोकरी करता करता थेट टेक्सासला पोचलेला असतो. दिवाळीत त्याचा व्हिडिओ कॉल येतो. सगळ्यांची विचारपूस झाली की तो हमखास म्हणतो, "गावाकडच्या मुलांसाठी काहीतरी करायचंय रे. ज्यांना आईबाप नाहीत, अशांसाठी. पैसे कुठे पाठवू?" यावर आपण गप्प. कारण खरंच, कुठे पाठवायचे? आणि पैसे पाठवले की काम संपतं का?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जास्त काळ सोडवत आलेला एक समाज आहे, आर्मेनियन लोकांचा. आर्मेनिया हा देश केवढा? लोकसंख्या साधारण तीस लाख. आपला नगर जिल्हाच 2011 च्या जनगणनेत 45 लाखांच्या वर होता! पण देशात जेवढे आर्मेनियन आहेत, त्याहून कितीतरी जास्त बाहेर आहेत. 1915 मध्ये ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा वंशसंहार सुरू झाला. जे वाचले ते सीरिया, लेबनॉन, ग्रीस, अमेरिका असे पांगले आणि हजारो मुलं अनाथ झाली. या मुलांना सांभाळायला पुढे आलेल्यांमध्ये परदेशातले आर्मेनियनही होते. त्यांची 'आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियन' ही संस्था 1906 मध्येच कैरोत उभी राहिली होती. अगदी अलीकडची म्हणाल, तर 2005 मध्ये अमेरिकेत 'सोसायटी फॉर ऑर्फन्ड आर्मेनियन रिलीफ' सुरू झाली. तिचे शहराशहरांत 'चॅप्टर' आहेत. चॅप्टर म्हणजे काय, तर त्या शहरातली दहा-वीस माणसं. आपापली नोकरी सांभाळून ती एकत्र येतात, कार्यक्रम करतात, निधी जमवतात आणि तो अनाथ मुलांच्या संस्थांपर्यंत पोचवतात.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

अजिबात नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तेव्हा 1887 मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा, तोही दहा वर्षं. याच बळावर 1889 मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी 'शारदा सदन' उघडलं. पुढे दुष्काळातल्या अनाथ मुलींना रमाबाईंनी केडगावला आसरा दिला. ते सर्कल म्हणजे आजच्या भाषेत चॅप्टरच की! फरक एवढाच की ती माणसं परकी होती.

आपल्याच माणसांनी सुरू केलेलं काम बघायचं, तर 1978 मध्ये अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 'महाराष्ट्र फाउंडेशन' काढलं. महाराष्ट्रातल्या सामाजिक कामांना ते तिकडून मदत करतं. 1991 मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय मुलांनी 'आशा' सुरू केली. भारतातल्या वंचित मुलांच्या शिक्षणासाठी तिचेही चॅप्टर आहेत आणि ते स्वयंसेवकच चालवतात. सुरू करणारे विद्यार्थी होते, हे विसरू नका. आणि आपल्या नगरचं 'स्नेहालय'? 1989 मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी तरुण वयात, शहरातल्या लालबत्ती भागातल्या मुलांसाठी ते सुरू केलं. आज त्याचे मित्र इंग्लंडपर्यंत आहेत. तरी मुलांना रोज उठवणारी, शाळेत पाठवणारी माणसं इथलीच.

दादाला आधी पासपोर्ट विचारा

आता पैशाचं. दादाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती 'परकी देणगी' धरली जात नाही. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर हातात ओसीआय कार्ड असलं तरी त्याचा पैसा परकाच. मग घेणाऱ्या संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. म्हणजे गावातल्या छोट्या मंडळाला "टाका ना डॉलर" म्हणता येत नाही. तुमच्या खात्यावर घेऊन पुढे वाटायचा विचार तर सोडूनच द्या.

अनाथ म्हणजे नक्की कोण?

आपल्या डोळ्यांसमोर लगेच वसतिगृह, रांगेत बसलेली मुलं असं चित्र येतं. पण बालगृहातल्या अनेक मुलांना आई किंवा वडील असतात. गरिबीमुळे, आजारपणामुळे घरी सांभाळणं जमत नाही, म्हणून मूल संस्थेत येतं. बाल न्याय कायदा 2015 स्पष्ट सांगतो, संस्था हा शेवटचा पर्याय. आधी घर.

यासाठी राज्याची योजना आहे, क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलाला घरीच वाढवण्यासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे जातो. आता समजा, वडील गेलेत, आई ऊसतोडीला जाते, पोरं आजीकडे. त्या आजीला मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं खातं हे सगळं जुळवायचंय आणि जिल्ह्याच्या ऑफिसला खेटे घालायचेत. तिला कोण मदत करणार? टेक्सासचा दादा हे करू शकत नाही. तुम्ही करू शकता.

अठरावा वाढदिवस

तुमचा अठरावा वाढदिवस आठवतोय? केक, गाडीचं लायसन्स, मतदार यादीत नाव. बालगृहातल्या मुलासाठी त्या दिवसाचा अर्थ असतो, 'आता निघ'. जायचं कुठे? कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचं नाव, जात, मूळ गाव काय लिहायचं?

अमृता करवंदे हे नाव लक्षात ठेवा. ती गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढली. 2017 मध्ये तिने एमपीएससी दिली. नॉन क्रिमिलेयरसारखा कागद आणणार कुठून? मग थेट खुला गट. आणि ती मागे पडली. पण गप्प बसली नाही. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटून तिने अनाथ मुलांचं म्हणणं मांडलं. 2018 मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आणलं. एका विद्यार्थिनीने हे घडवलं! मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. पुन्हा कागद. शिवाय 'मिशन वात्सल्य'मध्ये अठरा ते एकवीस वयासाठी अनुरक्षणाची सोय आहे, महिन्याला 4,000 रुपये. हे ज्याच्यासाठी आहे, त्याला माहीत तरी हवं ना?

कदाचित तो तुमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसत असेल. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं होस्टेल रिकामं होतं, तेव्हा कुठे जायचं हे न सुचणारा. त्याला देणगी नकोय. "घरी चल ना चार दिवस" एवढं हवंय.

आणि ते रील?

वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करायचा, केक कापायचा, मुलांबरोबर रील टाकायचं. हेतू चांगला असेल. पण काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवा. तुमच्या सगळ्यात वाईट दिवसांचा फोटो अनोळखी माणसाने हार्ट लावून फिरवला, तर आवडेल? शिवाय आज आलेली ताई परत कधीच येत नाही, हे त्या मुलाने आधीही पाहिलेलं असतं. एकदाच जायचं असेल, तर न गेलेलं बरं. दर शनिवारी गणित शिकवणार असाल, तर जरूर जा.

मग सुरुवात कुठून? चार-पाच जण जमा. आपल्या गावात एक किंवा दोन्ही पालक गमावलेली मुलं कोण, हे शाळेतल्या सरांना, अंगणवाडीताईंना, आशाताईंना विचारा. ती यादी व्हॉट्सॲपवर फिरवू नका. एकेका घरी जाऊन कोणता कागद अडलाय ते बघा. मूल संकटात दिसलं, तर 1098 फिरवा. आणि दादाचा पुन्हा फोन आला की त्याला नोंदणी तपासलेल्या संस्थेचं नाव द्या. वर सांगा, "पैसे तू तिकडून दे, इकडचा चॅप्टर आम्ही चालवतो."