प्रकाशतंतू : तालुक्यापासून उंबरठ्यापर्यंत

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ व अतिपावसाचे तालुके होत. सातबाऱ्याचा उतारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे आता संगणकावर होतात. त्यामुळे ग्रामपंचायतीची जोडणी बंद पडली की ग्रामस्थाला मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागतात. इंटरनेटचा वेग हा केवळ शहरी सोयीचा विषय राहिलेला नाही.

हा वेग तारेवर आणि अंतरावर अवलंबून असतो. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेतून जाणारा विद्युत्-संदेश अंतरागणिक क्षीण होतो. केंद्रालगतच्या घरी मिळणारा वेग चार-पाच किलोमीटरवरील वस्तीला मिळत नाही. काचेच्या तंतूत संदेश प्रकाशरूपाने जातो. तंतूचा गाभा केसाहूनही बारीक असतो, तरी प्रकाश त्यातच कोंडून पुढे सरकतो. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 साली हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह या तंतूंवरील संशोधन प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध केल्यास संदेश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये दाखविले. त्यांना 2009 चे नोबेल पारितोषिक लाभले.

प्रकाशतंतू घराच्या जितका जवळ, तितका तांब्याचा टप्पा आखूड आणि वेग अधिक. तंतू थेट घरात आल्यास तो टप्पाच उरत नाही. केंद्रातून निघालेला एक तंतू विभाजकाद्वारे अनेक घरांना पुरतो व वाटेत विजेची गरज भासत नाही.

ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर 2011 मध्ये मान्यता दिली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ‘महानेट’ प्रकल्प हाती घेण्यात आला. सरळ रेषेत टाकलेली केबल एके ठिकाणी तुटली की तिच्या पुढील सर्व गावे बंद पडतात. म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणीवर भर आहे. एक बाजू तुटली तरी संदेश दुसऱ्या बाजूने पोहोचतो.

तथापि, जमिनीखालील तंतूचे रक्षण गावाच्याच हाती आहे. रस्ता वा नळयोजनेसाठी खोदकाम करण्यापूर्वी संबंधित यंत्रणेस कळवावे. याकरिता मार्च 2023 पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲपही उपलब्ध झाले आहे. ग्रामपंचायतीतील उपकरणास विजेची पर्यायी सोय ठेवावी. एवढी दक्षता घेतली, तर तालुक्याचे अनेक हेलपाटे वाचतील.