नऊ प्रश्न आणि विचारणारा

मोहिमेवरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना एक आरोग्यविषयक फॉर्म भरावा लागतो. झोप लागते का, उदास वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का, असे प्रश्न त्यात असतात. फॉर्मवर नाव असतं आणि तो सैन्याच्या दप्तरी जमा होतो. एका पायदळ ब्रिगेडमधल्या सैनिकांना संशोधकांनी हाच विषय पुन्हा विचारला, फक्त या वेळी नाव लिहायचं नव्हतं. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निनावी कागदावर नैराश्य, युद्धाच्या आघाताची लक्षणं आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण नावाच्या फॉर्मपेक्षा दुपटीपासून चौपटीपर्यंत अधिक निघालं. उपचार हवेत असं सांगणारेही तितक्याच पटीने वाढले. पंचाईत अशी, की निनावी कागदावर मदत मागणाऱ्यापर्यंत मदत पोचवायची तरी कशी?

मानसिक आजारांच्या तपासणीतली ही जुनीच अडचण आहे. रक्तातली साखर मोजताना सुई कोणी टोचली यावर आकडा अवलंबून नसतो. नैराश्याचा आकडा मात्र माणसाच्या तोंडून किंवा पेनातून येतो, आणि तो कोणासमोर, कोणासाठी येतो आहे याचा त्यावर परिणाम होतो.

आज जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक म्हणजे ‘पीएचक्यू-९’. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के या अमेरिकी संशोधकांनी ती घडवली. तिच्या पडताळणीचा निबंध २००१ सालचा. तिच्यात नऊ तक्रारी आहेत: कशात रस न वाटणं, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, ते सांगायचं. अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. गुण शून्य ते तीन. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक आले, तर डॉक्टरने नीट चौकशी करावी असा संकेत आहे. उत्तर द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फी नाही, परवानगी लागत नाही. म्हणूनच ती इतकी पसरली.

ही प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरावी, अशी मूळ कल्पना. त्याआधीचा इतिहास निराळा आहे. मॅक्स हॅमिल्टन यांचं १९६०चं मोजमाप डॉक्टरने रुग्णाशी बोलून स्वतः गुण देण्यासाठी होतं. आरन बेक यांची १९६१ची यादी पुढे ‘स्वतः भरायची’ म्हणून नावाजली, पण सुरुवातीला प्रशिक्षित माणूस ती रुग्णाला वाचून दाखवत असे.

मग कागदावर भरलं काय, पडद्यावर टिचकी मारली काय, किंवा फोनवर सांगितलं काय, फरक पडतो का? इथे उत्तर जरा अनपेक्षित आहे. कागद आणि पडदा यांच्यात फारसा फरक आढळत नाही. तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा सूर तोच आहे. स्पेनमधल्या एका अभ्यासात २००५ साली पीएचक्यू-९ फोनवर विचारली, तेव्हा रुग्णांनी स्वतः भरलेल्या फॉर्मशी ती बऱ्यापैकी जुळली. म्हणजे साधन बदललं म्हणून उत्तर बदलतं असं नाही. पलीकडे कोण आहे, याने ते बदलतं.

लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. तिथे ‘एली’ नावाची संगणकावरची बाई लोकांची मुलाखत घेते. चेहरा, आवाज, मान डोलावणं, सगळं संगणकाचं. काहींना सांगितलं गेलं, की एली पूर्णपणे यंत्रानेच चालते. काहींना सांगितलं, की पलीकडच्या खोलीतून एक माणूस तिला चालवतो आहे. यंत्रच बोलतंय असं ज्यांना वाटत होतं, ते मोकळे होण्याला कमी भ्यायले आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख अधिक उमटलं. निष्कर्ष २०१४ साली छापले गेले. ऐकणाऱ्याची सहानुभूती हवी असते, पण त्याने आपल्याबद्दल मत बनवू नये असंही वाटत असतं; यंत्राला मत नसतं, एवढाच त्याचा फायदा.

माणूसच विचारत असेल तर शब्दांची ठेवणही आलीच. ब्रिटनमध्ये रोझ मॅकेब आणि सहकाऱ्यांनी मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्ण यांच्या ३१९ भेटींचं चित्रीकरण तपासलं आणि आत्महत्येचा विषय कसा काढला जातो ते पाहिलं. प्रश्न बहुतेक हो-नाही छापाचे होते, आणि त्यांतले पाऊणएक नकारार्थी: स्वतःला इजा करण्याचे विचार नाहीत ना? असं विचारलं की रुग्ण ‘नाही’ म्हणण्याकडे स्पष्टपणे अधिक झुकत होते. या डॉक्टरांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं होईल. बाहेर रांग लागलेली असते, ‘हो’ आलं तर पुढचा अर्धा तास त्यातच जाणार असतो, आणि समोरच्याला दुखवू नये अशी साधी सभ्यताही असते.

ही सभ्यता छापील प्रश्नालाही सोडत नाही. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स अँटाकी यांनी ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती बारकाईने ऐकल्या. आयुष्य कितपत समाधानाचं आहे हे मोजणारी ती प्रश्नावली होती. मुलाखत घेणारे प्रश्न सोपा करायच्या नादात तो गोडही करून टाकत होते. अपेक्षा इतकी खाली आणायची, की समोरच्याला ‘हो, बरं आहे’ म्हणण्यावाचून पर्यायच उरू नये. परिणामी समाधानाचे गुण फुगत होते.

आपल्याकडे हे कसं घडेल, ते सहज डोळ्यांपुढे येतं. कागदावर लिहिलेलं असतं, गेल्या दोन आठवड्यांत झोप न लागण्याचा किंवा जास्त झोपण्याचा त्रास किती दिवस झाला? आरोग्य केंद्रातल्या बाकावर बसलेल्या बाईला ते होता होता असं विचारलं जातं: “मावशी, झोप बरी लागते ना?” मावशी म्हणतात, “हो, लागते की.” शून्यावर खूण. ज्या प्रश्नाला चार पर्याय होते, त्याला आता एकच उरला. आणि मावशींना लिहिता-वाचता येत नसेल, तर एकटीने, गुपचूप कागद भरायची सोयही त्यांना नाही.

गोव्यात हा पेच प्रत्यक्ष कामातून पुढे आलेला आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने आणि मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य ओळखण्याचं आणि त्यावर उपचार करण्याचं मोठं काम केलं. पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्यांची तिथे तुलना झाली, ती माणसाने विचारून. पुढे दहा आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर समुपदेशनाची चाचणी झाली (२०१७). त्यांची निवड पीएचक्यू-९च्या गुणांवरून केली होती. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पातही हीच प्रश्नावली घेऊन लोकांची पाहणी झाली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण तिथे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे विचारून भरलेली प्रश्नावली निरुपयोगी असते असं अजिबात नाही. विचारणाऱ्याला तयार करावं लागतं, एवढंच.

आणि आसपास कोण आहे, तेही बघावं लागतं. बाळंतिणींसाठीची एडिंबरा प्रश्नावली १९८७ची. आईने ती स्वतः भरावी, आणि उत्तरांबद्दल तिने दुसऱ्या कोणाशी चर्चा करण्याची वेळ येणार नाही याची काळजी घ्यावी, असं तिच्या सूचनांतच म्हटलं आहे. गोव्यात ही प्रश्नावली वापरून २७० मातांचा अभ्यास झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचं दिसलं. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, आणि मुलगी झाली म्हणून घरात पसरलेली नाराजी, या गोष्टी त्यामागे होत्या. आता अशा आईला सासूच्या शेजारी बसवून विचारलं तर ती काय सांगणार?

इंग्लंडमध्ये गाडी वेगळ्याच जागी अडली. २००६पासून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने नैराश्याची तीव्रता प्रश्नावलीने मोजणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना मोबदला द्यायला सुरुवात केली. तीन वर्षांनी आलेल्या अभ्यासात डॉक्टर कुरकुरताना दिसले: आम्ही रुग्णाशी बोलून ओळखतो, हा कागद कशाला? रुग्णांना मात्र तो कागद आवडला. आपला त्रास डॉक्टरने मनावर घेतला, याचा तो त्यांना पुरावा वाटत होता. तिथल्या मोफत मानसोपचार सेवेत तर पीएचक्यू-९ दर भेटीत भरावी लागते आणि किती रुग्ण बरे झाले हे ठरवताना तिचे गुणही धरले जातात. ज्या समुपदेशकाने आपलं इतके आठवडे ऐकून घेतलं, त्याचंच प्रगतिपुस्तक आपण भरतो आहोत हे कळल्यावर किती जण शेवटच्या भेटीत मोठा आकडा लिहितील? उपकाराची जाणीव असलेल्या माणसाला ते जडच जाणार.

सगळ्यात नाजूक प्रश्न नववा. असं विचारून आपणच कल्पना डोक्यात घालत नाही ना, ही भीती अनेकांना असते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेल्या २००५च्या अभ्यासात, आत्महत्येबद्दल विचारल्याने मुलांचा त्रास वाढल्याचं दिसलं नाही. उत्तराला वजनही आहे. ८४ हजारांहून अधिक अमेरिकी रुग्णांच्या नोंदींत, या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे चार टक्क्यांनी पुढच्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केला. ‘अजिबात नाही’ म्हणणाऱ्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होतं. कमी, पण शून्य नाही.

तरीही अमेरिकेतल्या २००६च्या मोठ्या फोन-पाहणीत हा प्रश्न मुद्दाम गाळून आठच प्रश्न विचारले गेले. कारण व्यवहारी होतं: पलीकडून ‘हो’ आलं, तर फोनवरचा पाहणी करणारा त्या माणसासाठी काय करू शकणार? आज हे नऊ प्रश्न मोबाईलवर कोणालाही, रात्री कितीही वाजता सोडवता येतात. तिथे लाज वाटायला समोर कोणी नसतं आणि ‘जवळजवळ रोज’वर खूण केल्यावर धावून यायलाही कोणी नसतं. भारतात त्या वेळी लावायचा क्रमांक १४४१६ आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही चोवीस तासांची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.