आईची खिडकी

'घर पाहावे बांधून' असे म्हणणाऱ्याच्या काळी खिडक्यांच्या काचांना फिल्म लावण्याची सोय नव्हती. असती, तर त्याने त्या म्हणीला आणखी एक शेपूट जोडले असते!

नागपुरातले आमचे नवे घर गेल्या फाल्गुनात पुरे झाले. वास्तुशांत झाली, पाहुणे पांगले आणि चैत्र लागताच पश्चिमेच्या खोलीने आपले खरे रूप दाखविले. दुपारी तीननंतर तिथे उभे राहवेना. खोली आईची. वय एक्क्याऐंशी. खिडकीशी बसून वाती वळायच्या, पोथी वाचायची आणि रस्त्यावरून कोण आले, कोण गेले ते पाहायचे, हा तिचा दिवस.

"अहो, खिडकीवर चांगला दोन फुटी छज्जा आहे, मग ऊन आत येते कसे?" मी मिस्त्रींना विचारले. ते हसले. मेअखेरीस आमच्याकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा छज्जा कामाला येतो. पण दिवस कलला, की उन्हे तिरपी होऊन छज्ज्याखालून सरळ घरात शिरतात.

मग घरात सभा भरली. चिरंजीवांना काळीकुट्ट फिल्म हवी होती. सौभाग्यवतींना आरशासारखी चकाकणारी, कारण समोरच्या गॅलरीतून आमचे घर दिसते. मला स्वस्त हवी होती. आईला कोणीच विचारले नाही.

दुकानदाराने नमुन्यांचे पुस्तक पुढे केले. तुकड्यांवर आकडे : ५, २०, ३५, ५०, ७०.

"हे काय, भाव?"

"नाही साहेब. शेकडा किती उजेड आत येणार, त्याचा हा आकडा."

पुढे त्या भल्या गृहस्थाने आमची शिकवणीच घेतली. काळेपणा म्हणजे थंडावा नव्हे. उन्हाच्या उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी अवरक्त किरणांतून येते आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. साधी रंगीत फिल्म उजेड गिळते, स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता खोलीतच सोडते. धातूचा थर असलेली फिल्म ऊन परतवते. मात्र काही वेळा मोबाइलचा आवाजही अडवते. सिरॅमिकची फिल्म उजेड बराचसा आत सोडते आणि अवरक्त किरण बरेचसे रोखते. पण पैसे मोजून घेते. जाहिरातीत 'अवरक्त किरण शेकडा इतके अडतात' असे मोठ्या अक्षरांत असले, तरी त्यावर भुलू नये. सूर्याची एकूण उष्णता किती अडते, तो आकडा मागावा.

सौभाग्यवतींच्या आरशाचाही निकाल लागला. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला आरसा! दिवसा लोकांना काही दिसत नाही. पण रात्री घरात दिवा लागला, की आरसा आपल्याकडे आणि तमाशा लोकांकडे. रात्रीसाठी पडदा हवाच.

तरीही चिरंजीवांचा हट्ट म्हणून २० आकड्याचा काळा तुकडा आणून आईच्या खिडकीवर चिकटपट्टीने तात्पुरता लावला. तिसऱ्या दिवशी कचेरीतून लवकर आलो. साडेचार वाजले होते. आई सुई आणि दोरा घेऊन बसली होती. दोऱ्याचे टोक पुन्हा पुन्हा ओले करीत होती.

"आज तिन्हीसांजा लवकर झाल्या का रे?" तिने विचारले.

मे महिना होता. बाहेर ऊन मी म्हणत होते. माझ्या मनात चर्र झाले. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून तिला मिळालेला उजेड मी काचेला काजळ फासून परत घेत होतो! आणि रस्त्याकडे बघून ती काहीच बोलली नव्हती. लेकाने हौसेने केले, म्हणून.

तुकडा त्याच संध्याकाळी उतरला. शेवटी ५० आकड्याची सिरॅमिकची फिल्म घेतली. बाकीचे काम जुन्या माणसांच्या युक्तीवर सोपविले : खिडकीबाहेर बांबूचा चीक. ऊन काचेतून आत आले, की ते आपल्या घरात राहायला आलेच. त्याला दाराबाहेरच थोपविणे उत्तम. वाळ्याच्या ताट्या बाहेरून लावणाऱ्या आमच्या आजोबांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फिल्म घेण्यापूर्वी ती आपल्या काचेला चालते का, हे काचवाल्याला विचारा. उष्णता शोषणाऱ्या फिल्ममुळे काच कमीजास्त तापून तडकू शकते. आणि लावल्यावर पाण्याचे बारीक फुगे दिसले, तर भांडायला धावू नका. ते काही दिवसांत सुकतात. तोवर काच पुसायची नाही.

खोली महाबळेश्वर झाली, असे मी म्हणणार नाही. नागपूर ते नागपूरच. पण आता दुपारी आई तिथे बसू शकते. उन्हे उतरली, की चीक गुंडाळला जातो. परवा मी कोपऱ्यावर वळलो, तोच खिडकीतून तिचा आवाज घरात गेला, "सूनबाई, आधण ठेव गं, आला तो!"

पायरीवर चपला काढतो, तो चहा तयार. वाचकहो, आकडा निवडण्याआधी त्या खिडकीशी कोण बसते, ते पाहा.