चौघांची शर्यत (9) : शेपटीची दोरी

बोर्निओतली सेगामा नदी, 2000 सालच्या इको-चॅलेंज या अॅडव्हेंचर रेसमध्ये तिचं पाणी नाकातोंडात गेलेले खेळाडू आणि त्यांनी आपापल्या देशी नेलेला लेप्टो, असा आजचा बेत होता. तो पुढे ढकलतोय. लेप्टोवरच्या डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारणाऱ्यांनी आठवडाभर कळ काढावी. सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे सरकवत नाही.

ताई एका गटाबरोबर सह्याद्रीत फिरतात आणि, त्यांच्याच शब्दांत, 'कायम शेपटीला' असतात. गेल्या दोन लेखांवर त्यांचे दोन प्रश्न आहेत. चौघांनी शेवटपर्यंत एकत्रच राहायचं, तर जोरात जाणाऱ्याच्या जोराचा उपयोग काय? आणि शेपटीच्या माणसाने अशा शर्यतीत यावंच कशाला? पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. दुसरा त्यांनी हसत हसत विचारलाय, पण तो त्यांना बराच काळ बोचत असावा असं वाटतं.

कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट ज्यांनी केली आहे त्यांना पुढचं दृश्य पाठ असेल. पुढचे लोक टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसलेले. पाणी पिऊन झालं, चिक्की खाऊन झाली, फोटो काढून झाले. दहा मिनिटांनी शेवटचा टॉर्च डुलत डुलत वर येतो. तो पोचला रे पोचला की बसलेले उठतात, पँटची माती झटकतात आणि म्हणतात, "चला." म्हणजे ज्याला बसण्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच्या वाट्याला बसणं सगळ्यात कमी. टेकडीमागून टेकडी हेच चालतं आणि पहाटे गडावर तो बिचारा 'आपल्यात स्टॅमिनाच नाही' असं ठरवून मोकळा होतो. स्टॅमिना असतो हो. त्याला रात्रभर कुणी टेकू दिलेलं नसतं.

अॅडव्हेंचर रेसमध्ये, म्हणजे चौघांच्या चमूने पायी, सायकलने आणि होडीने करायच्या अनेक दिवसांच्या शर्यतीत, असं पुढे जाऊन बसता येत नाही. चौघांमध्ये किती अंतर पडलेलं चालेल ते ठरलेलं असतं, बऱ्याच शर्यतींत 100 मीटर. वेळ धरायची ती शेवटच्या माणसाची. एकाने शर्यत सोडली तर अनेक ठिकाणी उरलेल्या तिघांना पुढे जाऊ देतात, पण क्रमवारीतून त्यांचं नाव जातं. त्यामुळे पुढच्याच्या अंगातली ताकद मागच्याकडे कशी पोचवायची, याच्यावर या खेळातल्या लोकांनी जेवढं डोकं चालवलंय तेवढं धावण्यावरही चालवलेलं नाही.

ताईंसाठी हिशेब करून दाखवतो. तिघं ताशी 5 किलोमीटरने चालू शकतात, चौथी 4 ने. चमूचा वेग 4. आता चौथीच्या सॅकमधला तंबू, दोर आणि प्रथमोपचाराचं पुडकं तिघांनी वाटून घेतलं. तिघांचा वेग घसरून 4.8 झाला, तिचा वाढून 4.4 झाला. चमूचा वेग 4.4. दिवसातले 20 तास चालत असाल तर एका दिवसात 8 किलोमीटरची कमाई, आणि कुणीही जास्त धावलेलं नाही. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण दिशा हीच असते. बैलजोडी विजोड असली की शेतकरी जुवाचा मध्य सरकवून अशक्त बैलाकडची बाजू लांब करतो, त्यातलाच हा प्रकार.

वजन देण्याचाही एक क्रम असतो. आधी चमूचं सामाईक सामान जातं, मग पाणी, मग अख्खी सॅक. एक सॅक पाठीवर आणि एक छातीवर घेऊन चढणारा माणूस दिसला की समजावं, या चमूत भांडणं कमी आहेत. कारण सॅक घेणं सोपं असतं, देणं महाकठीण. "दे इकडे" म्हटलं की समोरून हमखास "मी ठीक आहे" येतं. हे वाक्य बोलणाऱ्याचा अर्ध्या तासाने पाय मुरगळतो, किंवा तो ओकतो, किंवा नुसता दगडावर बसून राहतो. मुरलेले चमू म्हणून विचारतच नाहीत. चढ सुरू होण्याआधी, सगळे ताजे असतानाच, सामान हलवून टाकतात.

सामान हलवूनही पुरत नाही तेव्हा दोरी येते. सगळे तिला 'टो' म्हणतात. हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे थोडं सहन करा.

पायी चालताना पुढच्याच्या सॅकच्या तळाशी ताणली जाणारी इलॅस्टिकची दोरी बांधायची, दुसऱ्या टोकाला छोटा कॅराबिनर, आणि तो मागच्याच्या कमरपट्ट्यात अडकवायचा. दोरी साधी असून चालत नाही. साध्या दोरीने प्रत्येक पावलाला हिसका बसतो आणि मागचा तासाभरात शिव्या घालायला लागतो. इलॅस्टिक तो हिसका गिळते. ओढ फार नसते, दोन बोटांनी कुणी पुढे नेतंय इतपतच. पण चढावर, चौथ्या रात्री, त्या दोन बोटांची किंमत कळते. शिवाय पेंगणारा माणूस दोरीला असला की वाट सोडून झुडपात शिरत नाही.

सायकलवर तर टोचा फायदा विचारूच नका. पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो आणि वर ओढही मिळते. मात्र मागच्याने पुढच्या चाकावरून नजर हलवायची नाही. उतार आला की दोरी आधी सुटलीच पाहिजे, तीही चालत्या सायकलवर, एका हाताने. याचा सराव घराजवळच्या मोकळ्या मैदानावर करावा, घाटात नको. कयाक दोघांची असते, तिथे दोरी क्वचितच लागते. चांगला वल्हवणारा आणि दमलेला अशी जोडी लावली की झालं. दोन तगडे एका होडीत आणि दोन दमलेले दुसरीत बसलेले दिसले, तर त्या चमूला कुणी शिकवलेलं नाही.

नवख्या बघ्यांना चक्रावून टाकणारी एक गोष्ट म्हणजे दोरीला बऱ्याचदा नकाशा वाचणाराच बांधलेला असतो. तो दमलेला नसतो. जीपीएसला बंदी, हातात नकाशा आणि होकायंत्र, डोळे कागदावर. पायाखाली बघायला आणि वेग राखायला त्याच्याकडे लक्षच उरत नाही. मग बाकीचे त्याला ओढत नेतात आणि तो मान खाली घालून समोच्चरेषा मोजत राहतो.

मला पहिल्यांदा दोरी लागली ती आमच्या चमूतल्या सगळ्यात हलक्या मुलीची. समोरून वारा, सपाट डांबरी रस्ता, संध्याकाळ. तिने मागे वळून न बघता हात मागे केला आणि कॅराबिनर माझ्यापुढे धरला. मी तो घ्यायला जरा जास्तच वेळ लावला. वजनाने ती माझ्या दोन तृतीयांशही नसेल. रस्त्यालगतच्या टपरीवरची मंडळी बघत होती, आणि खरं सांगायचं तर पायांपेक्षा त्या टपरीचाच त्रास जास्त होता. दुसऱ्या दिवशी दुपारी चढावर तिचं पोट बिघडलं आणि दोरी उलटी झाली. तिने कॅराबिनर लगेच घेतला. टपरी नव्हती, हे मान्य.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये शेपटी ठरलेली असते. पाच-सहा दिवसांच्या शर्यतीत ती फिरते. पहिल्या दिवशी उड्या मारणाऱ्याचे तळवे तिसऱ्या दिवशी सोललेले असतात, उत्तम सायकलवाला होडीत कुचकामी ठरतो, झोप कुणाला कधी पाडेल याचा नेम नाही. अशा वेळी जी व्यक्ती वर्षानुवर्षं शेपटीला चालली आहे तिला काही गोष्टी आधीच येतात. ती भूक लागण्याआधी खाते, फोड येण्याआधी टाचेला पट्टी लावते, चढावर गप्पा मारत नाही. पुण्याजवळच्या डोंगरांत होणाऱ्या एन्ड्युरो-3 मध्ये तिघांचा संघ असतो. ताईंनी आधी तिथे जावं आणि आपल्या गटातले सगळ्यात वेगवान दोघं बरोबर घेऊ नयेत.

एकत्र राहण्याची ही शिस्त जेरार फ्युझिल या फ्रेंच पत्रकाराच्या रेड गोलवाझपासून चालत आली आहे. 1989 मध्ये न्यूझीलंडमध्ये पहिली शर्यत झाली, तेव्हा संघ पाचांचा आणि त्यात किमान एक स्त्री हवी, असा दंडक होता. मार्क बर्नेट या टीव्ही निर्मात्याने ओमानमधल्या शर्यतीत स्वतः भाग घेतला आणि 1995 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात इको-चॅलेंज सुरू केली. त्याची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2000 सालच्या वसंतात तो बोर्निओत, साबा राज्याच्या किनाऱ्याजवळच्या पुलाउ तिगा बेटावर 'सर्व्हायव्हर' चित्रित करत होता. सोळा माणसं, दर भागात मतदान, एकाची हकालपट्टी, उरेल त्याला दहा लाख डॉलर. मूळ कल्पना चार्ली पार्सन्स या इंग्रजाची, अमेरिकेत ती आणली बर्नेटने. आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर, त्याच साबामध्ये, त्याच माणसाची इको-चॅलेंज झाली, ज्यात एकालाही मागे टाकलं तर सगळा चमू बाद. एकाच राज्यात, काही महिन्यांच्या अंतराने! पैसा कशात मिळाला ते आपण जाणतोच. हकालपट्टीचा कार्यक्रम अजून चालू आहे आणि दोरीवाली शर्यत 2002 नंतर सतरा वर्षं बंद होती.

2019 मध्ये ती फिजीत पुन्हा झाली. 671 किलोमीटर, 66 संघ, आणि भारतातून ताशी व नुंग्शी मलिक या जुळ्या बहिणींचा खुकरी वॉरियर्स. जिंकला तो नेथन फाआवेच्या नेतृत्वाखालचा न्यूझीलंडचा संघ. नकाशा क्रिस फोर्नकडे होता. पण मी त्या शर्यतीचं चित्रण पुन्हा बघतो ते दुसऱ्या संघासाठी. मार्क मेसी हा 1995 च्या पहिल्या इको-चॅलेंजपासूनचा गडी फिजीला उतरला तेव्हा त्याला अल्झायमर झाल्याचं निदान झालेलं होतं. संघात त्याचा मुलगा ट्रॅव्हिस. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. चित्रणात न्यूझीलंडवाले भराभर डोंगर मागे टाकताना दिसतात, ते बघायला छानच वाटतं. मेसींच्या संघात मात्र चौघांचा वेग म्हणजे काय ते चालीतून दिसतं, कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ताईंनी पत्राच्या शेवटी दोरी विकत कुठे मिळते असं विचारलेलं नाही, पण बाकीचे विचारतील. पायी चालण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातली बंजी कॉर्ड दोन मीटरपर्यंत पुरते. गाठी दोन्हीकडे घट्ट, आणि वापरून झाली की सॅकला गुंडाळून ठेवायची, नाहीतर झुडपात अडकते. सायकलसाठी अनेकजण कुत्र्याचा पट्टा वापरतात, तो आपोआप आत गुंडाळला जाणारा. मोकळा सोडला की चाकात जात नाही, हा त्याचा मोठा गुण. मी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने रीतसर विचारलं, कुत्रा केवढा आहे? मी म्हणालो, बाहत्तर किलो. त्याने शांतपणे वरच्या फळीवरून सगळ्यात जाड पट्टा काढला आणि म्हणाला, "चावतो का?"